कुत्र्याच्या डोळ्यात कुठलाही थेंब टाकण्याआधी

मागच्या अंकात बैलांच्या खांदेसुजीवर सविस्तर लिहिलं आणि जागा उरली म्हणून शेवटी चार ओळी कुत्र्याच्या डोळ्यांवर खरडल्या. खांदेसुजीवर एकही पत्र आलं नाही. कुत्र्यांच्या डोळ्यांवर बारा आली. त्यातली नऊ इथे घेतो आहे. उरलेल्या तिघांना फोन करूनच सांगितलं, कारण अंक हातात पडेपर्यंत त्यांच्या कुत्र्याचा डोळा थांबला नसता. माणसांची नावं छापत नाही, कुत्र्यांची छापतो. त्यांची काही हरकत नसते.

आमचा वाघ्या मळ्यात असतो. गव्हाची कापणी चालू असताना त्याचा उजवा डोळा मिटायला लागला. पाणी गळतं, उन्हाकडे बघत नाही. वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे ड्रॉप्स घरात उरले होते, ते तीन दिवस टाकले. पहिल्या दिवशी लाली उतरली, पण आता डोळ्यावर निळसर-पांढरं फूल दिसतं. ड्रॉप्स वाढवू का?
— शेतकरी, पारोळा तालुका

भाऊ, वाढवू नका. आजच बंद करा आणि बाटली सोबत घेऊन डॉक्टरकडे जा.

त्या बाटलीवरचं नाव वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांतलं काही असेल तर ते स्टेरॉइड आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर माणसाला बहुतेक वेळा तेच देतात आणि तिथे ते बरोबरच असतं. वाघ्याच्या डोळ्यात मात्र गव्हाचं कुसळ नाहीतर धसकट लागलेलं असणार. बुबुळावर काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, त्यावर ओरखडा पडला असणार. या पडद्याची जाडी एक मिलिमीटरसुद्धा नसते, अर्ध्याच्या थोडी वर. वरचं साल निघालं की शेजारच्या पेशी सरकत येऊन ती जागा भरून काढतात आणि वरवरची जखम साधारण आठवड्यात बुजते. स्टेरॉइड नेमकं हेच भरून येणं थांबवतं. लाली उतरते, म्हणून आपल्याला वाटतं गुण आला. आत जंतूंना रान मोकळं मिळतं आणि जखम खोल जाते. कधी कधी तर पडदा साबण भिजल्यासारखा बुळबुळीत होऊन विरघळायला लागतो, तेही एका-दोन दिवसांत.

मला हे कसं कळलं तेही सांगून टाकतो. १९८८ साल, माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष. तालुक्याच्या दवाखान्यात एका जिनिंगचा वॉचमन त्याचा गावठी कुत्रा घेऊन आला. डोळा लाल, पाणी गळतंय. मी बॅटरी मारून पाहिलं, मला काही दिसलं नाही, ड्रॉवरमध्ये स्टेरॉइडचं मलम होतं ते दिलं. वॉचमन प्रामाणिक माणूस. सांगितलं तसं दिवसातून तीनदा, घड्याळ बघून लावत राहिला. पाचव्या दिवशी परत आला तेव्हा बुबुळाच्या मधोमध खड्डा पडला होता आणि त्यातून मिऱ्याएवढा काळा मणी बाहेर डोकावत होता. तो मणी म्हणजे डोळ्याच्या आतला काळा पडदा, भोकातून बाहेर आलेला. ‘डाक्टर, डोया चांगला व्हई जाई ना?’ त्याने विचारलं. डोळा काढावा लागला. महिन्याभराने तो माणूस मला शेरभर शेंगदाणे देऊन गेला, माझे आभार मानायला. ते शेंगदाणे माझ्या घशाखाली उतरले नाहीत.

त्यानंतर मी जळगावच्या एका माणसांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून फ्लुरोसिनच्या पट्ट्या मागून आणल्या आणि निवृत्त होईपर्यंत शर्टाच्या खिशात बाळगल्या. साधी कागदाची केशरी टोकाची पट्टी असते. सलाईनच्या थेंबाने ओली करून पापणीच्या आत टेकवायची, मग डोळा धुऊन टाकायचा. जिथे साल निघालेलं असतं तिथे रंग धरतो आणि निळ्या उजेडात ती जागा कोवळ्या गव्हासारखी हिरवी चमकते. दोन मिनिटांचं काम आहे. यात एक खोच आहे, ती नव्या डॉक्टरांनीही ध्यानात ठेवावी: जखम अगदी तळाच्या पापुद्र्यापर्यंत गेली असेल तर मधला भाग रंग धरत नाही. कडेला हिरवं कडं आणि मध्ये स्वच्छ असं दिसलं तर तो डोळा फुटण्याच्या बेतात आहे.

वाघ्याच्या बाबतीत डॉक्टरांना दोन गोष्टी सांगा. एक, रंग टाकून बघा. दुसरी, डोळा सुन्न करून तिसऱ्या पापणीच्या मागे बघा. कुत्र्याला नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात आणखी एक पापणी असते आणि कुसळ हमखास तिच्यामागे जाऊन बसतं. ते तिथे असेपर्यंत कितीही अँटिबायोटिक टाका, प्रत्येक उघडझापेला नवा ओरखडा पडणार. मी एकदा तिथून करंगळीच्या पेराएवढं कुसळ काढलं होतं. तो कुत्रा तीन आठवडे ‘डोळे आलेत’ म्हणून औषध घेत होता.

तोवर घरी काय करायचं? पंजाने डोळा खाजवू द्यायचा नाही. गळ्यात घालायचा प्लास्टिकचा कोन जळगावात मिळतो. मळ्यात असाल तर जुन्या बादलीचा तळ कापा, कडेला चिंधी गुंडाळा आणि गळ्यात बांधा. वाघ्या तुमच्यावर रुसेल, रुसू द्या. दुखतंय म्हणून माणसांची आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी देऊ नका, कुत्र्याच्या पोटात त्याने व्रण पडतात आणि किडनीही जाते. मध, तुरटी, हळद, आणि आपल्याकडची ती मीठ-तंबाखूच्या पाण्याची चूळ, यांतलं काहीही नको. ‘बैलाचं फूल याच्यानेच गेलं होतं’ असं म्हणणारा एक जण प्रत्येक पारावर असतो. ते फूल आपोआप जाणारं होतं.

आमचा पग शेजारच्या मोठ्या कुत्र्याच्या तावडीत सापडला आणि त्याचा डावा डोळा अक्षरशः बाहेर आला. आम्ही घाबरून ओल्या फडक्याने आत ढकलायचा प्रयत्न केला. पुढे डॉक्टरांनी टाके घातले. आमचं चुकलं का? पुन्हा असं झालं तर?
— गृहिणी, जळगाव

ताई, ढकलायला नको होतं, पण फडकं ओलं केलंत ते छान केलंत. बाहेर आलेला डोळा वाळणं हाच पहिला धोका, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा वाळायला वेळ लागत नाही. सलाईनने, नसेल तर उकळून गार केलेल्या पाण्याने स्वच्छ सुती कापड भिजवायचं, डोळ्यावर हलकं ठेवायचं, सुकू द्यायचं नाही आणि तसंच निघायचं. गळ्यातला पट्टा काढून टाकायचा. तासाभरात पोचलात तर फार बरं. पापण्या डोळ्याच्या मागे आवळलेल्या असतात, त्यामुळे भूल दिल्याशिवाय तो आत जात नाही. जोर लावला तर नस ताणली जाते.

पग, शिह त्झू, पेकिनीज यांच्या डोळ्यांच्या खोबण्या उथळ असतात, म्हणून थोड्या धक्क्यानेही असं होतं. मानेची कातडी मागे खेचून उचललं तरी डोळा निसटू शकतो, हे घरातल्या पोरांना सांगून ठेवा. फिरवायला नेताना गळ्याऐवजी छातीला बसणारा पट्टा घ्या. उलट लांब तोंडाच्या गावठी कुत्र्याचा डोळा बाहेर आला तर मार जबर बसलाय असं समजायचं. टाके साधारण दोन ते तीन आठवडे ठेवतात. नजर परत येईलच असं नाही, पण डोळा जागेवर राहिला तरी पुष्कळ.

मोबाइल कंपनीच्या त्या जाहिरातीपासून आपल्याकडे पग आले. आमच्या उन्हात आणि आमच्या धुळीत बिचाऱ्यांचे हाल होतात, एवढं बोलून मी गप्प बसतो.

आमच्याकडे मिरचीच्या पथारीवर दोन कुत्री राखणीला आहेत. मिरची उलथताना वारा सुटला की दोघांचे डोळे सुजतात, चोळून चोळून लाल करतात. कामगार म्हणतात गोडं तेल घाला. घालू का?
— व्यापारी, नंदुरबार

तेल नको, दूधही नको. मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो हे तुमच्या कामगारांना बरोबर ठाऊक आहे, पण डोळा म्हणजे कढई नव्हे. साधं स्वच्छ पाणी किंवा सलाईन, भरपूर, आणि धार बारीक. सलाईनच्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडा म्हणजे चांगली धार येते. नाकाकडून कानाच्या बाजूला वाहू द्या, म्हणजे एका डोळ्यातलं दुसऱ्यात जात नाही. दहा-पंधरा मिनिटं धुवा. मिरचीने डोळा सहसा जात नाही. जातो तो चोळल्याने. धुऊन झाल्यावर तासाभराने डोळा उघडला नाही तर रंग टाकून तपासून घ्या. उलथायच्या वेळी कुत्री वाऱ्याच्या वरच्या अंगाला बांधली तर हा प्रश्नच उरणार नाही.

मला मिरचीपेक्षा चुन्याची भीती जास्त वाटते. तंबाखूसोबतची चुन्याची पुडी पिल्लू चावायला घेतं, ती फुटते आणि पिचकारी सरळ डोळ्यात. चुना, ओलं सिमेंट, घराला द्यायची सफेदी हे सगळे अल्कली. आम्लाने वरचा थर जळतो आणि तिथेच बरंचसं थांबतं. अल्कली थांबत नाही, आत आत शिरत जाते. अशा वेळी अर्धा तास धुवायचं. पापणीखाली चिकटलेले चुन्याचे कण ओल्या कापसाच्या बोळ्याने टिपून काढायचे आणि धुतच दवाखान्याचा रस्ता धरायचा. कपाशीच्या किंवा केळीच्या फवारणीचं औषध गेलं तरी आधी पाणी, मग फोन. रुईचा चीक गेला तर सुरुवातीला फारसं दुखतही नाही, दुसऱ्या दिवशी डोळा धुरकट झालेला दिसतो. म्हणून ‘रडत नाही म्हणजे काही झालं नाही’ असं समजू नका.

माझ्या आठ महिन्यांच्या बीगलच्या डोळ्याच्या कोपऱ्यात बोराएवढा लाल गोळा आला आहे. एक जण म्हणतो कात्रीने एका मिनिटात कापून देतो.
— कॉलेज विद्यार्थी, धुळे

त्याला म्हणावं, धन्यवाद, आणि निघा. हा मांसाचा गोळा नव्हे. वर जी तिसरी पापणी सांगितली तिच्या पायथ्याशी अश्रूंची ग्रंथी असते, ती निसटून वर आली आहे. बीगल, कॉकर स्पॅनियल, बुलडॉग यांच्या पिल्लांत हे नेहमी होतं. डोळ्यात जे पाणी असतं त्याचा मोठा वाटा, तिसऱ्या हिश्शाहून अधिक, ही ग्रंथी देते. कापली की त्या दिवशी डोळा सुंदर दिसतो. तीन-चार वर्षांनी तोच कुत्रा कोरड्या डोळ्याचा रुग्ण होऊन येतो. गोंदासारखी हिरवट चिपडं, बुबुळावर तपकिरी डाग, आणि जन्मभर दिवसातून दोनदा सायक्लोस्पोरिनचं मलम.

ग्रंथीला जागेवर बसवून वर खिसा शिवायची शस्त्रक्रिया असते. करणारा डॉक्टर धुळ्यात मिळाला तर उत्तम, नाहीतर अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थेत किंवा मुंबईच्या परळच्या महाविद्यालयात जा. परळचं कॉलेज १८८६ सालचं आहे, कात्री कुठे चालवायची आणि कुठे नाही हे त्यांना कळतं. जाताना डोळ्यातलं पाणी मोजून घ्या. एक छोटी कागदी पट्टी मिनिटभर पापणीत ठेवतात, १५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त ओली झाली तर ठीक. तोवर गोळा कोरडा पडू देऊ नका, साधे डोळे ओले ठेवणारे ड्रॉप्स चालतील.

शेरू बारा वर्षांचा आहे. दोन्ही डोळे निळसर धुरकट झालेत. मोतीबिंदू झाला का? जाहिरातीत मोतीबिंदू विरघळवणारे ड्रॉप्स दाखवतात.
— निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

दादा, आधी एक खेळ करा. कपाशीचा हंगाम आहेच, बोंडातल्या कापसाचा बोळा घ्या. शेरूच्या समोर, आवाज न करता, वरून खाली सोडा. कापूस पडताना आवाजही करत नाही आणि त्याला फारसा वासही नसतो. शेरूची मान त्याच्यामागे गेली तर त्याला दिसतंय. सात-आठ वर्षांपुढे बहुतेक कुत्र्यांच्या डोळ्यातलं भिंग घट्ट होत जातं आणि तिरप्या उजेडात निळं दिसतं. तो म्हातारपणाचा भाग, त्याला औषध लागत नाही. मोतीबिंदू पांढरा दिसतो, फुटक्या काचेसारखा किंवा चुनखडीसारखा, आणि कापसाकडे लक्ष जात नाही.

मोतीबिंदू असेलच तर ऑपरेशनखेरीज उपाय नाही. विरघळवणाऱ्या ड्रॉप्सचे पैसे शेरूच्या अंड्यांवर खर्च करा. मात्र तो हल्ली जास्त पाणी पितो का, रात्री मुतायला उठवतो का, खाऊनही वाळत चाललाय का हे पाहा. तसं असेल तर रक्तातली साखर तपासा. मधुमेह झालेल्या कुत्र्याचं भिंग काही महिन्यांतच पांढरं पडू शकतं. आणि डोळा धुरकट होण्याबरोबर लाल झाला, बाहुली मोठी राहिली, हात लावू देत नाही असं झालं, तर तो काचबिंदू असू शकतो. तिथे दिवस मोजायचे नसतात, तास मोजायचे.

राजाच्या दोन्ही डोळ्यांत एकदम रक्त उतरलं आहे. कुठे लागलेलं नाही. पंधरा दिवसांपासून मरगळलेला आहे, नाकातूनही एकदा रक्त आलं.
— केळी उत्पादक, चोपडा तालुका

हा डोळ्याचा आजार नाही, डोळ्यात दिसलेला रक्ताचा आजार आहे. कान उलटे करून पाहा, बोटांच्या बेचक्यात पाहा, गोचीड सापडेल. तपकिरी गोचिडामुळे जो ताप येतो त्याला एर्लिकिओसिस म्हणतात. त्यात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी होतात आणि डोळ्याच्या आत सूज येते, रक्त उतरतं. मार एका डोळ्याला बसतो. दोन्ही डोळे एकाच वेळी बिघडले की शरीरात काहीतरी आहे असं धरून चालायचं. मी तरी नेहमी तसंच धरलं.

रक्ताची तपासणी करा. डॉक्सीसायक्लिन तीन ते चार आठवडे द्यावं लागतं, जेवणासोबत. आठव्या दिवशी शेपूट हलवायला लागला म्हणून बंद करू नका. आणि आता गंमत बघा. राजाच्या डोळ्यात डॉक्टर बहुधा स्टेरॉइडचेच ड्रॉप्स टाकतील, ज्यासाठी मी पारोळ्याच्या भाऊंना एवढा रागावलो. इथे ते औषध आहे, कारण सूज आतली आहे आणि वरची काच शाबूत आहे. शाबूत आहे की नाही, हे त्याच केशरी पट्टीने आधी पाहून घेतलेलं असेल तरच.

गोचीड कुत्र्याच्या अंगावर कमी आणि गोठ्याच्या भिंतीच्या फटींत जास्त असतात. कुत्र्याबरोबर भिंतीलाही औषध मारा. बैलाला लावायचं औषध तसंच घट्ट कुत्र्याला चोळू नका, निदान तोंडाच्या आसपास तरी नाहीच.

चार वर्षांचा लॅब्रॅडॉर. रात्री जिन्यावर अडखळतो, दिवसा व्यवस्थित. बॅटरी मारली की डोळे पूर्वीपेक्षा जास्त हिरवे चमकतात.
— शिक्षक, शहादा

सर, हिरवं चमकणं तसं सगळ्याच कुत्र्यांचं. डोळ्याच्या मागच्या पडद्याआड आरशासारखा थर असतो. पण पूर्वीपेक्षा जास्त चमकतात आणि रात्री अडखळतो, म्हणजे तो पडदाच विरळ होत चालला असण्याची शंका येते. हा रातांधळेपणा लॅब्रॅडॉरमध्ये आई-बापाकडून येतो. उपाय नाही, हळूहळू दिवसाचंही दिसणं कमी होईल. दुखत मात्र नाही. त्याची पिल्लं काढू नका. शेवटचं पत्र वाचा, ते तुमच्याही उपयोगाचं आहे.

ड्रॉप्स टाकायला गेलं की चावायला येतो. डॉक्टर सांगतात दिवसातून सहा वेळा. कसं करायचं?
— सालदार, सावदा

समोरून जाऊ नका. समोरून बाटली घेऊन येणारा माणूस त्याला शत्रूच दिसतो. त्याला भिंतीच्या कोपऱ्यात बसवा, तुम्ही मागून गुडघ्यांत धरा. एका हाताने हनुवटी वर करा, दुसऱ्या हाताचा तळवा कपाळावर टेकवून वरची पापणी ओढा आणि वरून थेंब सोडा. बाटलीचं टोक डोळ्याला लागता कामा नये. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं सोडा, आणि आधी ड्रॉप्स, मग मलम. झालं की लगेच भाकरीचा तुकडा. तिसऱ्या दिवसापासून तो स्वतः कोपऱ्यात जाऊन बसेल. तोंड बांधायचं तर मऊ सुती नाडीने, नाकावर एक वेढा आणि कानांमागे गाठ. चपट्या तोंडाच्या कुत्र्याचं तोंड बांधू नका, आणि कडक उन्हात कुणाचंच नको.

एक गोष्ट मात्र पक्की करा. कुत्र्याला अँटिरेबीजची लस दिली आहे ना? दिली नसेल, आणि तो अलीकडेच विचित्र वागायला लागला असेल, लाळ गाळत असेल, पाणी गिळता येत नसेल, तर डोळ्याचं औषध राहू द्या. त्याच्याजवळ जाऊ नका. लांबूनच बंद करा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, नाहीतर १९६२ वर फोन लावा. अशा कुत्र्याची लाळ तुमच्या डोळ्यात उडाली तर ती चावल्याइतकीच गंभीर धरतात. डोळा पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं सुरू करा.

मोत्याला आता अजिबात दिसत नाही. काका म्हणतात त्याला लांब सोडून देऊ. मी सातवीत आहे. तो आंधळा राहू शकतो का?
— शिरपूर

बाळ, राहू शकतो, आणि मजेत राहू शकतो. काकांना हे पत्र वाचायला दे.

कुत्रा नाकाने बघतो आणि कानाने बघतो, डोळ्यांचा नंबर तिसरा. मोत्याचं जेवणाचं ताट आणि पाण्याचं भांडं रोज एकाच जागी ठेव. बाज, सायकल, दगडी पाटा यांची जागा बदलू नका. त्याला हात लावण्याआधी नाव घेऊन हाक मार, नाहीतर तो दचकून तुलाच चावेल आणि काकांच्या हातात कारण मिळेल. पायरीजवळ एक पोतं टाक, पायाला पोतं लागलं की पुढे पायरी आहे हे तो चार दिवसांत शिकेल. घरात दुसरा कुत्रा किंवा बकरी असेल तर तिच्या गळ्यात घुंगरू बांध.

साक्रीकडे एका ठेलाऱ्याच्या मेंढरांबरोबर मी एक आंधळी कुत्री पाहिली होती, दोन्ही डोळे पूर्ण पांढरे. पुढच्या मेंढ्याच्या गळ्यातल्या घंटेमागे ती चालायची. मी ठेलाऱ्याला म्हटलं, हिला दिसत नाही. तो म्हणाला, माहीत आहे, पण रात्री लांडगा आला तर सगळ्यांत आधी हीच भुंकते.

तुमच्या शेतात विहीर आहे का? तिला कठडा नसेल तर काकांना सांग, मोत्याला लांब सोडायला जाण्याऐवजी त्या दिवसाचं पेट्रोल वाचवा आणि विहिरीभोवती कुंपण घाला. तारेचं नको, तार डोळ्याला लागते. बोरीच्या फांद्यांचंही नको. बांबूचं घाला.